रंगमास्तरच्या बायकोचं पातळ

सोलापूरच्या साखर पेठेत जन्म काढलेल्या माणसाला मधुमेह झाला यात नवल ते काय, असं यंबय्या रंगमास्तरांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत होतं. पेठेच्या नावाला जागणारा एक तरी निघाला, असंही काही जण म्हणाले. खरं नवल पुढंच होतं, आणि ते निस्तरायला रत्नम्मा होती म्हणून बरं.

यंबय्या हे चादरीच्या कारखान्यात सूत रंगवणारे मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध तिसरीतच सुटलेला. पण शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही कारखान्यात एखादा रंग नमुन्याबरहुकूम उतरेना, की माणूस सायकल हाणत त्यांच्याकडं यायचा. यंबय्या सुताची लडी उन्हात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि आलेल्याची अब्रू काढायचे. "ह्याला तुमी मोरपंखी म्हनता? असा मोर असला तर लांडोर माहेरी जाईल की."

हा गुण कारखान्यात ठेवून घरी यायची त्यांना सवय नव्हती. लग्नाला गेले की नवरीच्या शालूचा रंग दोन धुण्यांत उतरेल हे ते नवरीच्या बापाला जेवणाच्या पंगतीत सांगायचे. सणाला पुरणपोळी वाढली की आधी पुरणाचा रंग बघायचे. लोक त्यांना बोलावणं टाळायचे आणि नाही बोलावलं तर हळहळायचे, कारण त्यांच्या तोंडून "रंग बरा हाय" एवढं निघालं, तर ते प्रशस्तिपत्र वर्षभर मिरवता यायचं.

रत्नम्मा त्यांची बायको. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची आणि नवऱ्याचं बोलणं एका कानानं ऐकून त्याच कानानं सोडून द्यायची. दुसरा कान तिनं स्वतःसाठी राखून ठेवला होता. दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, यंबय्या तिच्यासाठी स्वतः सूत रंगवायचे आणि चुलतभावाच्या मागावर पातळ विणून घ्यायचे. पेठेत तिच्याइतकी देखणी पातळं कुणाकडं नव्हती. आणि एकही पातळ स्वतःच्या पसंतीनं न घेतलेली बाईही पेठेत दुसरी नव्हती.

मधुमेह निघाला तेव्हा हलसगी डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि एक काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली नि रंगांचं एक कार्ड हातात ठेवलं. निळ्या औषधात सकाळच्या लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी पायरी चढत गेलं तर साखर वाढलेली. आणि विटकरी झालं तर सरळ दवाखान्यात यायचं.

यंबय्यांनी कार्ड खिडकीपाशी नेलं. "डॉक्टरसाब, हे कुनी छापलं? ह्यातला हिरवा मेलेला हाय."

"मास्तर, तुम्हाला चादर नाही रंगवायची. साखर बघायचीय."

"तरी बी."

झालं. दुसऱ्या दिवसापासून साखर पेठेतल्या त्या गल्लीत रोज सकाळी दरबार भरायला लागला. ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटायचा, यंबय्या चिमट्यात नळी धरून बसायचे आणि कामावर निघालेली माणसं सायकलवरून एक पाय खाली टेकून थांबायची. डॉक्टरांच्या कार्डात रंगाच्या पाच पायऱ्या होत्या. यंबय्यांना त्या दोन पायऱ्यांच्या मधे अख्खा जिना दिसायचा. "आज शेवाळी. काल पोपटी होता, रात्री भात जास्त झाला." समोरची शिवबाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची. ती पिठाचे हात घेऊन यायची आणि म्हणायची, "मला तर पिस्ता वाटतोय, मास्तर." मग पिस्ता की शेवाळी यावर वाद व्हायचा. नळीत नेमकं काय आहे हे सगळेच विसरून गेले होते.

अशी दोन वर्षं गेली. चौऱ्याहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. एके सकाळी नळी उकळली, शिवबाई म्हणाली, "आज लिंबू दिसतोय," आणि सगळे यंबय्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. यंबय्यांनी नळीकडं बघितलं, मग ती रत्नम्माच्या हातात दिली.

"कसला का असंना," ते म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

रत्नम्माच्या हातातली बिडी वळायची राहिली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिनं हे वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

काही घडलं होतं का? काहीच नाही. कुणी मेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. पण यंबय्या विझत गेले. पहाटेच जागे व्हायचे आणि तसेच पडून राहायचे. आंघोळीला उठवावं लागायचं. पुढ्यात येईल ते खायचे, नाही आलं तर मागायचे नाहीत. पांढरी गोळी उशाशी तशीच राहायची. नळी आता रत्नम्मा उकळायची आणि ती बहुतेक विटकरीच निघायची.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली कल्लप्पा होता, झुपकेदार मिशांचा, अंगानं पैलवान. तो एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला आणि रडवेला होऊन म्हणाला, "वैनी, मास्तर मला शिव्या देईनात."

"कदीपासनं?"

"आठवडा झाला. आज मी मुद्दाम किरमिजी नासवला. काळाठिक्कर पडला. म्हटलं, आता तरी चिडतील. तर म्हनले, असू दे. वैनी, त्या रंगाला असू दे म्हननारा मानूस मला बघवना."

कारखान्याचा मालक भला होता. त्यानं निरोप पाठवला, की उगादीपर्यंत मास्तरांची जागा तशीच ठेवतो. त्यानंतर मात्र रंगाची टाकी कल्लप्पाच्या हाती द्यावी लागेल. कल्लप्पा म्हणाला, "मला नको ती जागा. मला माझा मास्तर पायजे." रत्नम्मालाही दुसरं काही नको होतं. तिला तिचा भांडकुदळ नवरा परत पाहिजे होता.

तिनं आधी हलसगी डॉक्टरांना गाठलं. ते तापट पण तळमळीचे. नळीचा रंग ऐकून ते यंबय्यांवरच घसरले. "पथ्य नाही, गोळी नाही, वर तोंड पाडून बसता. मनाचा निग्रह पाहिजे, मास्तर."

"ते कुटल्या दुकानात मिळतंय तेवढं लिहून द्या," रत्नम्मा म्हणाली. "सकाळी उठवून बसवलं तर बसत न्हाई मानूस. निग्रह कुटनं आनंल?"

डॉक्टरांनी निग्रहाचा विषय सोडला. पण गोळी मात्र त्यांनी तीच दिली.

गल्लीनं आपापली औषधं सुचवली. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं साखर डोक्यात चढली. शिवबाईनं शेंगाचटणी दिली, कारण तिच्या मते तिच्या शेंगाचटणीनं बरा न होणारा आजार अजून निघायचा होता. शेवटी बिडी कारखान्यातली एक बाई रत्नम्माच्या कानाशी लागली. तिचा दीर असाच विझला होता. सात रस्त्याजवळ मैंदर्गीकर म्हणून मनाचे डॉक्टर होते, त्यांनी त्याला पुन्हा माणसांत आणला. "पन कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली. "लोक वेड्यात काढत्यात."

रत्नम्मानं यावर बरोबर उलटा विचार केला. लपवलेली गोष्ट गल्ली चघळते. पदरात घातलेली गोष्ट कुणी फार वेळ धरून बसत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं यंबय्यांना धुतलेला सदरा घातला, रिक्षा गल्लीच्या मधोमध उभी केली आणि ओट्याओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमी डोक्याच्या डॉक्टरकडं चाललोय. कुनाला तिकडनं काय आनायचं हाय का?"

कुणालाच काही आणायचं नव्हतं.

मैंदर्गीकर डॉक्टर सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी नळी विचारली नाही, आधी यंबय्यांनाच विचारलं, "मास्तर, रंग दिसतात का?"

यंबय्या टेबलाकडंच बघत म्हणाले, "दिसत्यात. पन काय बोलत न्हाईत."

रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. इतक्या आठवड्यांत त्यांनी केलेलं हे सर्वांत मोठं भाषण होतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं. साखरेचा आजार माणसाला खचवतो. खचलेलं मन पथ्य सोडतं, गोळी विसरतं, अंग हलवत नाही. मग साखर चढते, आणि चढलेली साखर माणसाला आणखी मरगळ आणते. "मागावरचा धोटा बघता ना, इकडून तिकडं नि तिकडून इकडं? तसं हे चाललंय. कुठंतरी हात घालून तो थांबवायचा. ही पिवळी गोळी रात्री द्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, कधी जास्त. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, भूक वाढेल, म्हणून साखरेवर नजर ठेवा. आणि मला विचारल्याशिवाय मधेच बंद करू नका."

येताना रत्नम्मा मंगळवार बाजारात उतरली. दिवाळी तोंडावर होती. तिनं एक पातळ विकत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडलं आणि असं निवडलं, की दुकानदारानंच दोनदा विचारलं, "हेच?" अंग गाजरी, त्यावर जांभळे ठिपके आणि काठ पोपटी.

दुसऱ्या दिवशी ती ते नेसून ओट्यावर आली. शिवबाईच्या हातून परात निसटायचीच बाकी होती.

"अगं रत्नम्मा, हे काय? हे बघून माझी म्हैस दूध आटवंल."

"तुझ्या म्हशीला तिकडं तोंड करून बांद," रत्नम्मा म्हणाली. "हे नळीसारखं हाय. साखरंला नळी, तशी मनाला हे पातळ. ज्या दिवशी ह्यांच्या तोंडून ह्याला शिवी निघंल, त्या दिवशी मी समजंन गुन आला."

शिवबाईनं दाराच्या फटीतून आत डोकावून बघितलं. यंबय्या उशाला हात घेऊन पडले होते. रत्नम्मा गाजर-जांभळं-पोपटी असं सगळं घेऊन त्यांच्यापुढून दोनदा गेली, एकदा मुद्दाम पदर झटकला. यंबय्यांनी कूस बदलली.

"आज विटकरी," शिवबाई पुटपुटली.

तेव्हापासून दर मंगळवारी रत्नम्मा ते पातळ नेसायला लागली. बिडी कारखान्यात बायका खोकल्याच्या आवाजात हसायच्या. ती मान ताठ ठेवून जायची. पांढरी गोळी ती आता समोर उभी राहून द्यायची, पिवळी रात्री, आणि संध्याकाळी नवऱ्याला हाताला धरून कन्ना चौकापर्यंत चालवत न्यायची. तीन आठवडे झाले तरी फरक दिसेना, तेव्हा शिवबाई म्हणाली, "सोड की ती गोळी. नुसता झोपतोय मानूस."

"टाकीतनं सूत काढतात तवा निळा रंग निळा असतोय का?" रत्नम्मानं विचारलं. यंबय्यांनी कल्लप्पाला हे शंभरदा सांगताना तिनं ऐकलं होतं. "हिरवट-पिवळंच दिसतंय. हवा लागली की मग निळं होत जातंय. दम धर जरा."

आणि हवा लागायला लागली. आधी झोप सुधारली. मग एक दिवस यंबय्या न सांगता आंघोळीला गेले. मग कारखान्यात अर्धा दिवस जाऊन टाकीपाशी बसायला लागले. शिव्या अजून नव्हत्या, पण कल्लप्पानं आशेनं कळवलं, "आज माझ्याकडं बघून 'च्' केलं."

पातळाकडं मात्र अजून लक्ष नव्हतं. एका मंगळवारी त्यांनी तिकडं पाहिलं, कपाळाला बारीक आठी पडली, आणि मग ते चहा पिऊन निघून गेले. रत्नम्मानं ती आठी दिवसभर मनात जपली.

नेमकं तेव्हाच नळीनं दगा दिला. पथ्य चालू, गोळी चालू, चालणं चालू. आणि हिरव्यावर आलेला रंग पुन्हा पिवळ्यावर आणि पिवळ्याचा नारिंगीवर चढायला लागला. भूक वाढणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. रत्नम्मानं भात निम्म्यावर आणला. रंग उतरेना.

अशातच एका सकाळी कल्लप्पा धावत आला. मास्तर टाकीपाशी घामानं निथळत बसले होते, हात थरथरत होते आणि विचारलं त्याचं भलतंच उत्तर देत होते. रत्नम्मा सूप तसंच टाकून पळाली. हलसगी डॉक्टरांनी एकदा सांगून ठेवलं होतं, की गोळी घेणारा माणूस असा घामाघूम होऊन बरळायला लागला तर आधी साखर द्या, मग माझ्याकडं या. तिनं कल्लप्पाला चहावाल्याकडून साखर आणायला लावली आणि पाण्यात कालवून घोट घोट पाजली. यंबय्यांचे डोळे हळूहळू जागेवर आले. मग त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवसभर बाकावर झोपवून ठेवलं, पुन्हा पुन्हा ग्लुकोज पाजलं आणि रत्नम्माला विचारलं, "आणखी काय औषध चालू आहे?"

तिनं पिवळी गोळी दाखवली. डॉक्टरांचा पारा चढला. "मला न विचारता? आधी साखर चढवली, आता उतरवली. आजपासून ही बंद."

गल्लीचाही तोच निकाल लागला होता. पण रत्नम्माच्या डोक्यात एक गोष्ट बसेना. एकच गोळी काल साखर चढवते आणि आज पाडते, असं कसं? असा रंग तर कुठल्याच टाकीत नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याचा सदरा धुवायला घेतला तर खिशातून मुंग्यांची रांग निघाली. खिशात लेमनच्या गोळ्या होत्या. चिकटून त्यांचा एक लगदा झाला होता. मग तिनं पांढऱ्या गोळ्यांची बाटली बघितली. ती जेवढी भरलेली असायला हवी होती तेवढी नव्हती.

ती नवऱ्यापुढं जाऊन बसली. एका हातात लगदा, दुसऱ्या हातात बाटली.

"एमंडी, अहो, हे काय?"

यंबय्या चोरासारखे बघायला लागले. "तोंड कोरडं पडतंय गं. जीभ टाळ्याला चिकटती. कल्लप्पा म्हनला, गोळी चघळा."

"आन हे?"

"नळी नारिंगी निघाली. मला बरं वाटाय लागलं होतं. म्हटलं, तुला पुन्ना घोर नको." पुढं जे बोलले ते पूर्ण रंगमास्तरी थाटात. "नमुना निळा हाय आन माल नारिंगी निघाला, तर निळ्याचा हात वाढवायचा का न्हाई? पांढरी गोळी निळा करती. म्हनून तीन घेतल्या. भाकरी खाल्ली असती तर पुन्ना नारिंगी चढला असता. म्हनून खाल्ली न्हाई."

रत्नम्मा बघतच राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्हींत कुणी मागं हटेना. चूक भयंकर होती, जिवावर बेतली होती. पण तीन-चार महिन्यांपूर्वी "कसला का असंना" म्हणणाऱ्या माणसाला आता नळी निळी पाहिजे होती.

"तुमी चादर न्हाई," ती म्हणाली. "तुमी मानूस हाय. तुमाला टाकीत बुचकळून रंग येत न्हाई. इथनं पुढं माझ्या हातनं मिळंल तीच गोळी आन मी वाढंन तेवढीच भाकरी."

त्या रात्री तिनं पिवळी गोळी दिली. सकाळी सूप, तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन ती हलसगी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली आणि भिंतीला टेकून बिड्या वळत बसली. रांगेतले रोगी शिंकायला लागले.

"बाई, हा दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हनून तर बसले."

"काय पाहिजे?"

"एक डॉक्टर म्हनतोय मधेच बंद करू नका, दुसरा म्हनतोय आजच बंद करा. मधी आमी. तुमी दोघं एकमेकांशी बोलला न्हाई तर मी कुनाचं ऐकू? तुमचं बोलनं हुईपर्यंत मी हितं हाय. बिड्या कुटं बी वळता येतात."

मग तिनं लगदा आणि बाटलीची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. कुणासाठी मारला ते स्पष्ट झालं नाही. एक रोगी आणखी एकदा मोठ्यांदा शिंकला. डॉक्टरांनी फोन ओढला.

"मैंदर्गीकर आहेत का? हलसगी बोलतोय... हो, अजून जिवंत आहे... नाही, बॅडमिंटनचं नाही. यंबय्या म्हणून पेशंट... लेमनच्या गोळ्या. हो. खिसाभर... तीन. उपाशीपोटी... काही जणांची साखर तुमच्या गोळीनं वाढते म्हणता? बरं... आणि मन ताळ्यावर आलं की उतरतेही. म्हणजे दोन्हीकडून लक्ष ठेवायचं... नाही, एकदम बंद नको, मान्य. एवढं मला आधी कळवायला काय झालं होतं?... मीही नाही विचारलं, खरं आहे." मग ते बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले आणि शेवटी हसले.

फोन ठेवून ते रत्नम्माकडं वळले. आता त्यांचा आवाज उतरला होता. पिवळी गोळी चालू राहील, ती काही महिने तरी घ्यावी लागेल. लेमन बंद, तोंड कोरडं पडलं तर पाण्याचा घोट, नाहीतर बडीशेप. पांढरी एकच, तीही जेवणाच्या वेळेला, आणि जेवण चुकवायचं नाही. दर आठवड्याला नळीचा रंग येऊन सांगायचा. ते दोघे आपसांत बोलत जातील.

"आणि बाई," डॉक्टर म्हणाले, "निग्रहाचं ते... तो तुमच्याकडं सापडला म्हणायचा."

रत्नम्मानं वळलेल्या बिड्या मोजून पदरात बांधल्या आणि निघाली.

नळी हळूहळू उतरत गेली. नारिंगीवरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर. थंडी सरली, कडुनिंबाला मोहोर आला. उगादी पुढच्या आठवड्यावर आली होती आणि कल्लप्पा रोज येऊन काळजीनं विचारत होता, "वैनी, पातळाला काय म्हनले?" काही म्हणाले नव्हते.

त्या मंगळवारी सकाळी यंबय्यांनी नळी स्वतः उकळायला घेतली. शिवबाई पिठाचे हात घेऊन आली. दिवा विझवला, नळी उन्हात धरली. निळी. अगदी तळापर्यंत निळी. यंबय्यांनी एक डोळा मिटला आणि नळी फिरवून फिरवून बघायला लागले. तेवढ्यात रत्नम्मा चहा घेऊन बाहेर आली. नळीच्या मागं यंबय्यांना ती दिसली आणि त्यांचा मिटलेला डोळा उघडला.

"रत्नम्मा," ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय नेसलीस?"

शिवबाईनं पिठाचा हात तोंडावर ठेवला. रत्नम्माच्या हातातला चहा जरा सांडला, पण आवाज तिनं सांडू दिला नाही.

"पातळ."

"हे पातळ हाय? हे कुनी रंगवलं? गाजराला गोवर आलाय का? आन पोपटी काठ. असा पोपट दिसला तर पेरूसुद्धा झाडावरनं उडी मारंल. कदी घेतलंस हे?"

"दिवाळीत. दर मंगळवारी नेसतीया."

यंबय्यांचा हात खाली आला. "दर मंगळवारी? आन मी बघत होतो?"

"बघत होता की. दिसत नव्हतं."

त्यांनी पोपटी काठ चिमटीत धरून बघितला. मग म्हणाले, "सोड ते. टाकीत घालतो."

"का म्हनून? माझ्या पसंतीचं पयलंच पातळ हाय. इतके दिवस नेसून आता मला आवडाय लागलंय."

"आवडाय लागलंय?" यंबय्यांचा आवाज आता गल्लीच्या टोकाला गेला. सायकली थांबायला लागल्या. "रंगमास्तरच्या घरात हे आवडाय लागलंय? शिवबाई, ऐकताय का?"

"मला तर बरं वाटतंय," शिवबाई म्हणाली. तिला खोटं बोलायची संधी क्वचितच इतकी गोड मिळायची.

त्यावर यंबय्यांनी रंग, काठ, दुकानदार, मंगळवार बाजार आणि शिवबाईचे डोळे अशा सगळ्यांचा मिळून जो उद्धार केला, तो पेठेनं उभ्यानं ऐकला. रत्नम्मा मान खाली घालून ऐकत होती, आणि या खेपेला तिनं दोन्ही कान लावले होते.

शेवटी तिनं आत जाऊन दुसरं पातळ नेसलं, गाजरी पातळाची घडी आणून दिली आणि त्याआधी पुढ्यात भाकरी ठेवली. भाकरी संपल्यावर तिनं पांढरी गोळी हातावर ठेवली. एकच. यंबय्यांनी ती मुकाट्यानं गिळली, घडी काखेत मारली, नळीला बूच लावलं आणि ती सदऱ्याच्या खिशात उभी खोचली.

"नळी कशाला?"

"नमुना नको? आजचा निळा बघितलास का? असा निळा मला उभ्या जन्मात कुटं दिसला न्हाई. गाजरीवर डायरेक बसनार न्हाई, आदी हे सगळं उतरवावं लागंल. पन उगादीला तू हाच निळा नेसनार."

ते गल्लीतून चालायला लागले. दहा पावलांवर थांबून त्यांनी नळी काढली, पुन्हा एकदा उन्हात धरून बघितली. रत्नम्मा ओट्यावरून ओरडली, "दुपारी जेवायला वेळेवर या. आन कल्लप्पाला सांगू नका नळीत काय हाय ते."

"सांगनार," यंबय्या मागं न बघता म्हणाले. "तेवढा बी निळा त्याला अजून जमला न्हाई."